विंडोजवरून लिनक्सवर जाताना मेल, चॅट आणि फायली सोबत कशा न्यायच्या?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विंडोज १० असलेल्या संगणकावर आता लिनक्स घ्यायचं आहे. थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅममध्ये बारा वर्षांचे मेल आहेत आणि त्याआधीचे आउटलुकच्या दोन पीएसटी फायलींमध्ये (आउटलुक हा मायक्रोसॉफ्टचा मेल प्रोग्रॅम, आणि पीएसटी म्हणजे तो मेल साठवतो ती फाइल). चॅटसाठी व्हॉट्सॲप, टेलिग्राम आणि सिग्नल, शिवाय पिजिन या अनेक चॅट सेवा एकत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅममधल्या जुन्या गप्पा. याखेरीज कागदपत्रं, फोटो, मेलमधून उतरवून ठेवलेल्या शेकडो फायली. यातलं काहीही न हरवता सगळं पलीकडे न्यायचं, तर कुठल्या क्रमानं?

पेनड्राइव्ह लावण्याआधी एक कोरा कागद घ्या. मेलची आणि चॅटची जेवढी अकाउंट असतील ती एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकापुढे एकाच प्रश्नाचं उत्तर लिहा: हा मजकूर नेमका राहतो कुठे? सर्व्हरवर, फोनमध्ये, की फक्त याच डिस्कवर? एका सिस्टीमवरून दुसऱ्या सिस्टीमवर संगणक हलवण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. लोकांचे मेल हरवलेले पाहिले त्यातले बहुतेक कॉपी करताना हरवले नव्हते. कुठे काय आहे हे ठाऊक आहे असं धरून चालल्यामुळे ते गेले होते. मेल पडद्यावर दिसतो म्हणून तो डिस्कवर असतोच असं नाही, आणि इंटरनेटवरून आला म्हणून तो सर्व्हरवर अजून शिल्लक आहे असंही नाही.

प्रोग्रॅम मात्र न्यायचा नसतो. विंडोजचा थंडरबर्ड लिनक्सवर चालत नाही. लिनक्सचा थंडरबर्ड तिथे नव्यानं इन्स्टॉल करायचा आणि जुन्याचा डेटा त्याच्या हवाली करायचा. 'वाइन' (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं साधन) वापरून विंडोजचं आउटलुकच लिनक्सवर चालवा असा सल्ला तुम्हाला मिळेल. नुसते जुने मेल वाचण्यासाठी मी तो खटाटोप करणार नाही, कारण पुढच्या अपडेटला तो कोलमडला तर मेल पुन्हा अडकले. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून घाई वाटणं साहजिक आहे. तरीही एक सबंध सुट्टीचा दिवस या कामाला द्या.

मेल नेमका कुठे आहे

थंडरबर्डच्या अकाउंट सेटिंग्जमध्ये जाऊन प्रत्येक अकाउंटचं 'सर्व्हर सेटिंग्ज' हे पान उघडा. वरच 'सर्व्हर टाइप'समोर आयमॅप किंवा पॉप असं लिहिलेलं दिसेल. आयमॅप असेल तर मूळ प्रत सर्व्हरवर आणि तुमच्याकडे तिची नक्कल. पॉप असेल तर मेल इथे उतरवून घेतलेला असतो, आणि 'लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर'वर खूण नसेल तर तो सर्व्हरवरून कधीच पुसला गेला आहे. त्या अकाउंटची जगातली एकमेव प्रत तुमच्या डिस्कवर आहे. कागदावर त्या ओळीखाली रेघ मारा.

पॉपमध्ये आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. पॉप फक्त आलेले मेल आणतो. सर्व्हरवर प्रत ठेवण्याची खूण केलेली असली तरी तुम्ही पाठवलेले मेल बहुतेक ठिकाणी फक्त तुमच्या 'सेंट' फोल्डरमध्येच असतात. 'सगळं सर्व्हरवर आहे' म्हणून डिस्क पुसलेल्या माणसाला आलेली दहा वर्षांची पत्रं परत मिळतात. त्यांना दिलेलं एकही उत्तर मिळत नाही. हिशेबाच्या किंवा करारांच्या पत्रव्यवहारात ही उत्तरंच जास्त महत्त्वाची असतात.

आयमॅपवालेही पूर्ण निर्धास्त नसतात. डाव्या बाजूच्या यादीत सगळ्यात खाली 'लोकल फोल्डर्स' असतात. सर्व्हरवरची जागा भरत आली की माणसं जुने मेल तिथे ओढून ठेवतात आणि विसरून जातात. ते सर्व्हरवर नसतात. दुसरं, अकाउंट बंद झालेलं असेल, म्हणजे नोकरी सुटली किंवा सेवा थांबली असेल, तर आयमॅपची नक्कलच आता मूळ प्रत झाली आहे. अशा वेळी थंडरबर्ड आधी 'वर्क ऑफलाइन' करा आणि त्या अकाउंटमधले मेल लोकल फोल्डर्समध्ये कॉपी करा. आयमॅपचा स्वभावच सर्व्हरशी जुळवून घेण्याचा आहे. सर्व्हरनं 'इथे काही नाही' असं सांगितलं तर तुमच्याकडची नक्कलही रिकामी होऊ शकते.

त्याच पानाच्या तळाशी 'लोकल डिरेक्टरी' अशी चौकट असते. ती प्रत्येक अकाउंटसाठी वाचा. सी ड्राइव्ह भरला म्हणून कुणीतरी कधीतरी मेल डी ड्राइव्हवर हलवलेले असतात. तसं असेल तर थंडरबर्डचा डेटा असलेलं प्रोफाइल फोल्डर कितीही नीट कॉपी केलं तरी त्यात मेल नसतील. लोकल फोल्डर्सचीही अशीच चौकट असते, तीही पाहा.

थंडरबर्डचं प्रोफाइल नेणं

हे काम सगळ्यात सोपं आहे, कारण थंडरबर्ड विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीकडे एकाच पद्धतीनं डेटा ठेवतो. हेल्प मेनूतलं 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' हे पान उघडा, 'प्रोफाइल फोल्डर' या ओळीसमोरचं बटण दाबा. समोर येतं ते फोल्डर म्हणजे तुमची बारा वर्षं. आठ अक्षरांचं काहीतरी अगम्य नाव, मग टिंब, मग 'डिफॉल्ट' असं त्याचं नाव असतं. आत 'मेल' आणि 'आयमॅपमेल' अशी दोन फोल्डरं दिसतील.

'मेल'च्या आत जाऊन एकदा पाहाच. 'इनबॉक्स' नावाची एक फाइल दिसेल, तिला कुठलंच एक्स्टेन्शन नाही, आणि ती काही गिगाबाइटची असेल. तिच्याशेजारी 'इनबॉक्स डॉट एमएसएफ' नावाची छोटी फाइल. पहिलीत सगळे मेल एकापुढे एक साध्या मजकुराच्या रूपात लिहिलेले असतात. या पद्धतीला एमबॉक्स म्हणतात. दुसरी फाइल म्हणजे फक्त अनुक्रमणिका. ती बिघडली किंवा राहून गेली तरी थंडरबर्ड पुन्हा तयार करतो. पहिली मात्र जिवापाड जपायची. मला एमबॉक्स आवडतो तो याच कारणासाठी. कुठलाच मेल प्रोग्रॅम हाताशी नसला तरी ती फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पत्ता, तारीख, विषय वाचता येतात. मजकूर काही वेळा सांकेतिक रूपात दिसेल, पण माहिती कुणा एका कंपनीच्या कुलपात नसते.

आता हलवण्याचं काम. थंडरबर्ड पूर्ण बंद करा, चालू असताना कॉपी करू नका. मग अख्खं प्रोफाइल फोल्डर उचला. त्यातल्या निवडक फायली वेचत बसू नका. पत्त्यांची वही, फिल्टर, सह्या, कॅलेंडर, साठवलेले पासवर्ड हे सगळं त्यात विखुरलेलं असतं. पासवर्ड तर दोन फायलींत मिळून असतात, एकीत कुलूपबंद मजकूर आणि दुसरीत किल्ली. एकच नेली तर ती निरुपयोगी. पॉपच्या अकाउंटमध्ये 'पॉपस्टेट' नावाची एक नगण्य दिसणारी फाइल असते. कुठले मेल आधी उतरवून झाले आहेत याची नोंद तिच्यात असते. ती राहिली आणि सर्व्हरवर मेल शिल्लक असले, तर नव्या ठिकाणी सगळे मेल दुसऱ्यांदा उतरतात आणि प्रत्येक पत्राच्या दोन प्रती होतात.

टूल्स मेनूत 'एक्स्पोर्ट' आहे आणि ते झिप फाइल बनवून देतं. पण प्रोफाइल २ जीबीपेक्षा मोठं असेल तर ते हात वर करतं. बारा वर्षांचे मेल त्यात बसणार नाहीत, तेव्हा सरळ फोल्डरच कॉपी करा.

लिनक्सवर थंडरबर्ड इन्स्टॉल केल्यावर आधी त्याची आवृत्ती पाहा. ती विंडोजवरच्या आवृत्तीइतकी किंवा तिच्याहून नवी हवी. जुनी असेल तर 'हे प्रोफाइल नव्या आवृत्तीत वापरलेलं आहे' असं सांगून तो ते उघडायचं नाकारतो. नंतर टूल्समधल्या 'इम्पोर्ट'मधून दुसऱ्या थंडरबर्डचं प्रोफाइल फोल्डर निवडता येतं, किंवा प्रोफाइल मॅनेजर उघडून 'क्रिएट प्रोफाइल' करताना कॉपी केलेलं फोल्डर दाखवता येतं. मी दुसरा मार्ग घेते, कारण त्यात कुठलं फोल्डर वापरात आहे हे स्वतः ठरवता येतं.

इथे एक अडचण हमखास येते. बहुतेक जुने लेख सांगतात की होम फोल्डरमध्ये टिंबानं सुरू होणारं 'थंडरबर्ड' नावाचं लपलेलं फोल्डर असतं, प्रोफाइल तिथे टाका. उबुंटू या लिनक्सच्या अलीकडच्या आवृत्त्यांत थंडरबर्ड स्नॅप पॅकेज म्हणून येतो (स्नॅप ही प्रोग्रॅम बसवण्याची एक पद्धत) आणि त्याचं प्रोफाइल होममधल्या 'स्नॅप' फोल्डरच्या आत असतं. फ्लॅटपॅक या तशाच दुसऱ्या पद्धतीनं घेतला तर जागा आणखी तिसरीच. माणूस जुन्या लेखाबरहुकूम सगळं करतो, थंडरबर्ड उघडतो, समोर कोरं पान, आणि मेल गेले म्हणून पोटात गोळा येतो. मेल कुठेही गेलेले नसतात, प्रोग्रॅम दुसऱ्या दारात उभा असतो. नव्या थंडरबर्डमध्येही तेच 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन'चं पान उघडा. तो कुठे पाहतोय हे तोच सांगेल.

पहिल्यांदा उघडल्यावर पासवर्ड किंवा ब्राउझरमधून लॉगिन पुन्हा मागितलं जाईल. त्याची तयारी आधी करा. दोन टप्प्यांचं लॉगिन असेल तर त्याचे राखीव कोड कागदावर लिहून ठेवा. मेलवर डिजिटल सही करत असाल तर प्रमाणपत्र त्याच्या पासवर्डसह वेगळं एक्स्पोर्ट करा. ओपनपीजीपीच्या (मेल कुलूपबंद करण्याच्या पद्धतीच्या) किल्ल्या २०२० मधल्या ७८ व्या आवृत्तीपासून थंडरबर्डच्या आतच असतात, म्हणजे प्रोफाइलबरोबर जातात. तरी त्यांचीही एक प्रत बाजूला ठेवा.

पीएसटी फायली

आउटलुकची पीएसटी फाइल लिनक्सवरचा थंडरबर्ड थेट उघडत नाही. विंडोजवरच्या थंडरबर्डलाही ती वाचायची तर त्याच संगणकावर आउटलुक इन्स्टॉल असावं लागतं. त्यामुळे संगणकावर अजून चालणारं आउटलुक असेल तर हे काम विंडोज असतानाच उरका: थंडरबर्डच्या इम्पोर्टमधून पीएसटीतले मेल लोकल फोल्डर्समध्ये घ्या, मग प्रोफाइल हलवा. दोन पक्षी एका दगडात.

आउटलुक नसेल तरी अडत नाही. लिनक्सवर 'रीडपीएसटी' नावाचं छोटं साधन आहे. डेबियन, उबुंटूत ते 'पीएसटी-युटिल्स' या पॅकेजमध्ये मिळतं. ते पीएसटीतली फोल्डरं एमबॉक्स फायलींत उलगडून देतं. टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीची, भीती वाटत असेल तर 'एव्होल्यूशन' या मेल प्रोग्रॅमला पीएसटी वाचणारा प्लगइन आहे, त्यात एकदा आयात करून घेता येते. मेलच्या बाबतीत दोन्ही चांगलं काम करतात. कॅलेंडर आणि संपर्कांवर मात्र नंतर स्वतः नजर टाका.

तिसरा मार्गही सुचवला जातो: पीएसटीतले मेल आउटलुकमधून आयमॅप अकाउंटमध्ये ओढायचे आणि लिनक्सवर तिथून उतरवायचे. शे-दोनशे मेलांना हे उत्तम. पाच जीबीसाठी नको. जीमेल आयमॅपवरून दिवसाला सुमारे ५०० एमबीच चढवू देतं, म्हणजे दहा दिवस तेच काम, आणि मध्ये कुठे तुटलं तर काय गेलं आणि काय राहिलं हे शोधणं जिकिरीचं.

पीएसटी किती जुनी आहे तेही पाहा. आउटलुक २००२ आणि त्याआधीच्या फायलींना २ जीबीची मर्यादा होती. फाइल त्या आकड्याला टेकलेली असेल तर ती बिघडलेली असण्याची शक्यता धरा आणि आउटलुकसोबत येणाऱ्या 'स्कॅनपीएसटी'नं आधी तिच्या प्रतीवर दुरुस्ती करून पाहा, मूळ फाइलवर नको. त्या जुन्या प्रकारात युनिकोड नव्हतं. म्हणून तेव्हाच्या एखाद्या मेलच्या विषयात देवनागरीऐवजी प्रश्नचिन्हं दिसली तर तो दोष आत्ताच्या रूपांतराचा नाही, अक्षरं तेव्हाच गेली. रूपांतर झाल्यावरही मूळ पीएसटी पुसू नका.

चॅट

इथे कागदावरचा 'कुठे राहतो?' हा प्रश्न सगळ्यात जास्त उपयोगी पडतो, कारण चारही प्रोग्रॅमची उत्तरं वेगळी आहेत.

टेलिग्रामच्या साध्या गप्पा सर्व्हरवर असतात. लिनक्सवर टेलिग्राम डेस्कटॉप टाका, लॉगिन करा, झालं. 'सीक्रेट चॅट' मात्र ज्या उपकरणावर सुरू केली तिथेच राहते. पूर्ण नोंद हाताशी हवी असेल तर सेटिंग्जमधल्या 'ॲडव्हान्स्ड' भागात डेटा एक्स्पोर्ट करायची सोय आहे, ब्राउझरमध्ये वाचता येईल अशा स्वरूपात.

व्हॉट्सॲपची मुख्य प्रत फोनवर असते आणि संगणक हे जोडलेलं उपकरण. लिनक्ससाठी व्हॉट्सॲपचा अधिकृत डेस्कटॉप प्रोग्रॅम नाही, ब्राउझरमधूनच वापरावं लागतं. तेव्हा इथे न्यायचं काही नाही. फक्त संगणकावर वेगळ्या उतरवलेल्या फायली, ज्या बहुधा 'डाउनलोड्स'मध्ये पडलेल्या असतात, त्या विसरू नका. फोनमध्ये त्यांची प्रत कधीच पुसली गेली असेल.

सिग्नलकडे नीट लक्ष द्या. संगणकावरचा सिग्नल संदेशांची स्वतंत्र प्रत डिस्कवर ठेवतो, पण ती कुलूपबंद असते आणि किल्ली ऑपरेटिंग सिस्टीमच्या स्वतःच्या तिजोरीत. फोल्डर उचलून लिनक्सवर टाकलं तर किल्ली विंडोजमध्येच राहते आणि काहीही उघडत नाही. योग्य मार्ग म्हणजे लिनक्सवर सिग्नल टाकून फोनशी नव्यानं जोडणं. २०२५ पासून जोडताना फोनवरून जुन्या गप्पा आणि गेल्या ४५ दिवसांतले फोटो-फायली संगणकावर आणायची सोय झाली आहे. जोडताना फोन तसं विचारतो, तेव्हा 'हो' म्हणा. पण समजा मधल्या काळात तुम्ही फोन बदलला आणि त्यावर जुन्या गप्पा आल्याच नाहीत, तर जुने संदेश फक्त या विंडोजवर आहेत आणि ते फोनवरून येणार नाहीत. विंडोज पुसण्याआधी फोन आणि संगणक शेजारी ठेवा, एकाच माणसाची चॅट दोन्हीकडे अगदी वरपर्यंत सरकवा आणि पहिल्या संदेशाची तारीख जुळते का पाहा. जुळत नसेल तर ज्या फायली आणि मजकूर मोलाचा आहे तो हातानं बाहेर काढा. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा भरवशाचा उपाय मला माहीत नाही.

आणि पिजिन. त्याच्याबद्दल मला थोडं जास्त सांगायचं आहे. पिजिन सगळा डेटा टिंब-'पर्पल' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो. विंडोजवर ते वापरकर्त्याच्या ॲपडेटामधल्या रोमिंग भागात असतं, लिनक्सवर थेट होममध्ये. फोल्डर जसंच्या तसं उचलून ठेवलं की पिजिन तिथे जुन्यासारखा उघडतो. एक काळजी घ्या: त्यातल्या अकाउंटच्या फाइलमध्ये साठवलेले पासवर्ड उघड्या अक्षरांत लिहिलेले असतात, त्यामुळे ते फोल्डर दुसऱ्याच्या पेनड्राइव्हवर किंवा मेलनं नेऊ नका. आत 'लॉग्ज' फोल्डर आहे. त्यात आधी सेवेचं नाव, मग तुमचं अकाउंट, मग समोरच्या माणसाचं. आत प्रत्येक संभाषणाची वेगळी फाइल, नावात तारीख आणि वेळ सेकंदापर्यंत. कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडते.

पिजिनमधून चालणारी जुनी चॅट सेवा एआयएम १५ डिसेंबर २०१७ ला बंद झाली, याहू मेसेंजर १७ जुलै २०१८ ला. त्या सर्व्हरवर आता विचारायला कुणी नाही. तेव्हाच्या गप्पा कुणाकडे उरल्या असतील तर अशाच फोल्डरांत. 'ही अकाउंट तर आता चालतच नाहीत' म्हणून ते फोल्डर टाकून देणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यातल्या एकांना वर्षभरानं आपल्या दिवंगत भावाशी झालेलं बोलणं हवं होतं, आणि ते मला देता आलं नाही. तेव्हापासून कुणाचाही संगणक हलवताना ते फोल्डर आहे का हे मी न विचारताच पाहते.

फायली

एका कार्यालयात आम्ही थंडरबर्डचं प्रोफाइल पेनड्राइव्हवर घेत होतो. कॉपी चालू असताना एक चौकट आली, मदतीला बसलेल्या मुलानं 'स्किप' दाबलं, बाकी सगळं व्यवस्थित गेलं. नव्या संगणकावर सगळी फोल्डरं आली, पण इनबॉक्स रिकामा. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा होता. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही आणि इनबॉक्सची फाइल पाच जीबीच्या वर होती. जुनी डिस्क अजून पुसली नव्हती म्हणून पंधरा मिनिटांत भागलं. मेलच्या बाबतीत ही अडचण वारंवार येते, कारण एमबॉक्समध्ये हजारो मेलांची मिळून एकच फाइल असते. नेण्यासाठी बाहेरची डिस्क वापरा आणि ती एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट करा. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्ही तिच्यावर लिहू-वाचू शकतात. मॅक विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीची डिस्क वाचतो पण तिच्यावर लिहीत नाही.

वनड्राइव्ह वापरत असाल तर फाइल एक्सप्लोररमध्ये फायलींसमोरच्या खुणा पाहा. ढगाची खूण असलेली फाइल डिस्कवर नाही, फक्त तिचं नाव तिथे आहे. विंडोज चालू असताना ती उघडली की खाली उतरते, पण डिस्क काढून लिनक्समधून वाचली तर हाती काही लागत नाही. त्या फोल्डरांवर उजवी क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा आणि सगळं उतरेपर्यंत थांबा. 'डेस्कटॉप' आणि 'डॉक्युमेंट्स' ही फोल्डरंही तुमच्या नकळत वनड्राइव्हच्या आत गेलेली असू शकतात.

डिस्कवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का तेही पाहा, आणि असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. तिच्याशिवाय ती डिस्क दुसरीकडे उघडणार नाही. 'फास्ट स्टार्टअप'ही बंद करा. ते चालू असताना विंडोज 'बंद' केलं तरी अर्धवट झोपलेलं असतं, आणि लिनक्स अशा डिस्कवर लिहायला नकार देतो.

देवनागरी नावांबद्दल एक खास सूचना. लिनक्सवर फाइलच्या नावाची मर्यादा साधारण २५५ बाइट आहे, अक्षरं नव्हे. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांचं प्रत्येकी वेगळं चिन्ह मोजलं जातं. 'पत्रव्यवहार' या एका शब्दात अशी ११ चिन्हं आहेत, म्हणजे ३३ बाइट गेले. साधारण ८५ चिन्हांपलीकडे नाव गेलं की कॉपी अडते. विंडोजवर तेच नाव आरामात चालत होतं. मेलचा अख्खा विषय नाव म्हणून घेऊन साठवलेल्या फायली इथे हटकून अडकतात. कॉपी करण्याआधी लांब नावं छोटी करा. मॅकवर जाणाऱ्यांनी 'दुसऱ्या', 'सुऱ्या' अशा शब्दांतल्या 'ऱ'कडे लक्ष ठेवावं. मॅकची जुनी फाइल पद्धत या अक्षराचे 'र' आणि नुक्ता असे दोन तुकडे करून ठेवते. नाव दिसायला तेच, पण बाइट वेगळे, त्यामुळे दोन डिस्क ताडून पाहणारं साधन त्याच फाइलला दोन वेगळ्या फायली समजू शकतं.

उलट दिशेला, म्हणजे लिनक्सवरून विंडोजकडे जाताना, अडचण वेगळी. विंडोज फाइलच्या नावात अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारांकन चालू देत नाही. लिनक्सवरचे काही मेल सर्व्हर आणि प्रोग्रॅम मेल 'मेलडिर' पद्धतीनं ठेवतात. त्यात प्रत्येक मेलची वेगळी फाइल असते आणि वाचला, उत्तर दिलं अशा खुणा नावातच अपूर्णविरामानंतर लिहिलेल्या असतात. अशी फोल्डरं विंडोजच्या डिस्कवर सुटी कॉपी करू नका, आधी टार फाइलमध्ये (अनेक फायलींचं एकच गाठोडं) बांधा किंवा एमबॉक्समध्ये बदलून घ्या.

पुसण्याआधी

परवडत असेल तर जुनी डिस्क पुसूच नका. लिनक्स नव्या एसएसडीवर टाका, जुनी काढून तिच्यावर तारीख लिहून ठेवा. ते शक्य नसेल तर दोन वेगळ्या डिस्कवर दोन प्रती घ्या. मग तपासणी करा. विंडोजवर प्रत्येक महत्त्वाच्या मेल फोल्डरमध्ये किती मेल आहेत तो आकडा कागदावर लिहा आणि लिनक्सवर जुळवा. आकडे जुळले तरी तीन मेल उघडून पाहा: सगळ्यात जुना, सगळ्यात मोठी अटॅचमेंट असलेला आणि देवनागरी विषय असलेला. अटॅचमेंट नुसती दिसते आहे एवढ्यावर समाधान मानू नका, ती उघडा. कॉपीबद्दल शंका असेल तर दोन्हीकडे मोठ्या फायलींचा शा-२५६ (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठशासारखा आकडा) काढून ताडून पाहा. विंडोजचं पॉवरशेल आणि लिनक्सचं टर्मिनल, दोन्हीकडे ती सोय आधीपासून असते.

राहिला शेवटचा प्रश्न: दोन्ही सिस्टीम शेजारी ठेवून थंडरबर्डचं एकच प्रोफाइल दोन्हीकडून वापरावं का? जमतं, पण मी ते करू देत नाही. एकीकडे आवृत्ती पुढे गेली की दुसरीकडे ते उघडायचं नाकारलं जातं. पॉपचं अकाउंट असेल तर त्याहून वाईट, विंडोजमध्ये सहज म्हणून उघडलेला थंडरबर्ड आजचे मेल उतरवून सर्व्हरवरून पुसतो आणि ते लिनक्सवर कधीच पोचत नाहीत. म्हणून हलवाहलव झाल्या दिवशीच विंडोजवरच्या थंडरबर्डमधलं 'आपोआप मेल तपासा' बंद करा. विंडोज तीन-चार आठवडे तसंच राहू द्या. एखादा फिल्टर, एखादं प्रमाणपत्र, लेखनखुणांचा एखादा जुना फाँट, असं काय काय राहिलं ते त्या दिवसांत रोजच्या कामातूनच कळतं, आणि तेव्हा ते उघडून घ्यायला विंडोज अजून जागेवर असतं.